ताटावर आडवा हात

ताईला पाहून पाहुणे गेले होते आणि पसंतीचा निरोपही आला होता. राहिली होती ती बोलणी. आमच्याकडे बोलणी होतात ती पाहुण्यांना जेवू घातल्यावर. आधी जेवण, मग हातावर पाणी, मग सुपारी, आणि मग एखादं वडीलधारं माणूस घसा साफ करून म्हणतं, "हं, काढा आता विषय." पाहुणा अर्धपोटी उठला तर विषय निघतच नाही. भांडण होत नाही, कुणी वाकडं बोलत नाही. पुढे फक्त निरोप येत नाही.

ताईला ते स्थळ मनापासून हवं होतं. मुलगा धारणीकडच्या एका शाळेत शिक्षणसेवक होता. पाहायला आला तेव्हा त्याने तिला एकच प्रश्न विचारला होता, "तुमाले पोरायले शिकवाले आवडते का?" त्या प्रश्नावर ताई भाळली होती असं म्हटलं तरी चालेल. पण तिची एक अट होती. ती अमरावतीत डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होती आणि तिला दुसरं वर्ष पूर्ण करायचं होतं. "लगन त्याच्याशीच करीन, पण डी.एड. सोडून नाही करत," असं तिने वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना मला सांगितलं. मी त्याच वसतिगृहात राहून बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या दोघींच्या आधी घरात कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं.

ही अट बोलणीत कुणीतरी मांडायला हवी होती. नवरी मुलगी बोलणीत तोंड उघडत नाही. आई भिडस्त. बाबा म्हणाले, "पाहू, विषय निघाला तं बोलीन." बाबांचं 'पाहू' आम्हाला चांगलं माहीत होतं.

पाहुणे खरं तर चांदूर बाजारजवळ आमच्या गावीच यायचे होते. पण त्याच आठवड्यात शेजारचे काका गेले. कसे गेले, हे त्या वर्षांत आमच्या भागात कुणी कुणाला विचारत नसे. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असायचं. त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. आई म्हणाली, "त्यांची तेरवी होईपर्यंत आपल्या घरी कढई चढणार नाही. तळणाचा वास भिंतीपलीकडे जाते." आणि तळणाशिवाय पाहुण्यांचं जेवण कसं करायचं? तारीख पुढे ढकलावी तर मुलाला तेवढाच रविवार मोकळा होता. मुलाला वडील नव्हते, सगळा कारभार त्याच्या मामांच्या हाती होता, आणि मामांकडे अकोल्याचं आणखी एक स्थळ येऊन पडलंय, असंही कानावर आलं होतं.

तेव्हा मी म्हणाले, "अमरावतीत हॉटेलात बोलावू या का?"

म्हणाले आणि लगेच गप्प झाले. घरात मोठ्या गोष्टीत मी बोलायची ती पहिलीच वेळ. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुले माहीत आहे का हॉटेल?"

मला एक हॉटेल माहीत होतं. राजकमल चौकातून थोडं आत, रस्त्यावरच, वर मोठी पाटी, फॅमिली रेस्टॉरंट. वर्गातल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला आम्ही पाचजणी तिथे गेलो होतो आणि वरच्या मजल्यावर बसून मसाला डोसा खाल्ला होता. त्या एका डोशाच्या भरवशावर मी बाबांना म्हणाले, "हो, माहीत आहे."

त्या हॉटेलचा खालचा मजला म्हणजे बार आहे, हे मी सांगितलं नाही. डोसा खायला गेलो तेव्हा सकाळ होती, खाली खुर्च्या उलट्या टेबलांवर चढवलेल्या होत्या. माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं.

त्या रविवारी दुपारी आम्ही पोचलो तेव्हा खुर्च्या सुलट्या होत्या आणि भरलेल्या होत्या. मार्च लागला होता, ऊन तापायला सुरुवात झाली होती, आणि माणसं थंड बाटल्या पुढे घेऊन बसली होती. वर जायचा जिना त्यांच्या मधूनच जायचा. आईने पदर कपाळापर्यंत ओढला आणि फरशीकडे पाहत चालू लागली. तेवढ्यात पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, भावकीतले दोघे आणि सगळ्यांच्या पुढे मामा, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, उंच हाडापेराचे. ते दारातच थांबले. त्यांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे.

"काहो पाहुणे," ते बाबांना म्हणाले, "बोलणी कराले बोलावलं का प्याले?"

भावकीतला एक हळूच म्हणाला, "दोन्ही होत असन तं काय वाईट?" मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो जिना चढेपर्यंत बोलला नाही. बाबांचा चेहरा उतरला. मी म्हणाले, "वर फॅमिलीचं आहे, मामाजी." आवाज माझा मलाच ऐकू आला नाही.

वर बरं होतं. पंखे होते, खिडक्यांना पडदे होते, दोन टेबलं जोडून आमची जागा केलेली होती. शेजारच्या टेबलावर एक जोडपं लहान मुलीला नूडल्स भरवत होतं. पाहुणे बसले. ताई टोकाला मुलाच्या आईशेजारी मान खाली घालून बसली. मी तिच्या बाजूला.

आई आणि बाबा बसलेच नाहीत.

आमच्याकडे यजमान पाहुण्यांच्या पंगतीत बसत नाही. तो उभा राहतो, कुणाच्या ताटात काय संपलं ते पाहतो, आग्रह करतो. बाबा मामांच्या खुर्चीमागे हात जोडल्यासारखे उभे राहिले आणि आई मुलाच्या आईच्या मागे. वेटर पाण्याचे ग्लास घेऊन आला आणि बाबांना धडकला. बाबांच्याच वयाचा, मिशा मेंदीने रंगवलेला माणूस होता तो.

"काकाजी, बैठो ना."

"नाही, यांचं होऊ द्या. आमी मागून."

"मागून म्हणजे?"

"यांची पंगत उठली की आमी बसू."

वेटरने पाण्याचे ग्लास ठेवले आणि शांतपणे सांगितलं, "काकाजी, ये हॉटेल है. अथी एक पंगत उठली की दुसरे गिऱ्हाईक बसते. तुमी उभे राहाल तं मी वाढू कुठून? तुमच्या खांद्यावरून?"

शेजारच्या टेबलावरची बाई हसली. बाबा कसनुसे होऊन बसले, आई बसली, आणि आग्रह करणारं कुणी उरलं नाही. हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं नाही. मी मेन्यू कार्ड वाचण्यात गुंतले होते. ते सगळं इंग्रजीत होतं आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. मी शेवभाजी, दाल फ्राय, पनीरची एक भाजी, तंदुरी रोटी, जिरा राईस आणि गुलाबजाम सांगितले. वेटरने काही न लिहिता मान हलवली आणि गेला.

जेवण आलं. वेटरने प्रत्येकाला एकेक रोटी आणि दोन चमचे भाजी वाढली. मामांनी रोटी खाल्ली. ती पातळ होती आणि मामांचा घास मोठा होता. वेटर टोपली घेऊन आला.

"रोटी?"

मामांनी ताटावर हात आडवा धरला. "नको."

"ठीक," वेटर म्हणाला आणि पुढे गेला.

मामांचा हात तसाच ताटावर राहिला. ते वेटरच्या पाठीकडे पाहत राहिले. मामांनी नको म्हटलं म्हणून भावकीतल्या दोघांनीही नको म्हटलं. मुलानेही म्हटलं. मुलाच्या आईने तर मान वर न करताच हात आडवा केला. वेटर फेरी मारून टोपली जशीच्या तशी घेऊन परत गेला. भात आला, "राईस?", "नको", "ठीक". दाल आली, "नको", "ठीक". एवढी सोपी गिऱ्हाइकं त्याला कधी मिळाली नसतील.

मी बाबांकडे पाहिलं. बाबांना कळत होतं, पण ते खुर्चीत अडकले होते. बसलेल्या माणसाने आग्रह कसा करायचा? "घ्या न मामासाहेब," ते एकदा म्हणाले. मामा म्हणाले, "घेतलं की." आणि बाबांच्या हाताशी वाढायला काहीच नव्हतं, टोपली वेटरकडे होती.

मग वेटरने ते केलं. मामा हात थांबवून बसले होते, ताट साफ होतं, त्याने अदबीने वाकून विचारलं, "हो गया?" आणि मामांच्या पुढचं ताट उचललं.

पंगतीत सगळ्यांचं होईपर्यंत कुणी कुणाचं ताट उचलत नाही. मामांच्या पुढे एकदम रिकामं टेबल झालं. त्यांनी टोपी सारखी केली, दोन्ही हात टेबलावर टेकले आणि भाच्याला म्हणाले, "चाल, बाप्पा. एसटी सापडली पायजे."

ताईने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. तिचं डी.एड., तो मुलगा, तो प्रश्न, सगळं त्या नजरेत होतं, आणि हे हॉटेल मी सुचवलेलं होतं.

मी उठले आणि वेटरच्या मागे भटारखान्याच्या दारापर्यंत गेले. तो मामांचं ताट ठेवत होता.

"काका, त्यांचं जेवण झालं नाही."

"नको म्हणाले न, बेटा."

"ते नको म्हणतात, पण त्यांना हवं असतं."

"तं हवं म्हणाव! मी का जोतिषी हाओ?"

"पहिल्यांदा कुणी हवं म्हणत नाही, काका. दुसऱ्यांदाही नाही. लाज वाटते. तुमच्या घरी पाहुणा पहिल्यांदाच हो म्हणतो का?"

तो थांबला. मिशीवरून बोट फिरवलं. "नाही," तो म्हणाला, "माझा जावाई तं चारदा नाही म्हणते आणि मग आठ खाते."

"मग टोपली मला द्या. मी वाढते."

"मालक खाली गल्ल्यावर बसला आहे. गिऱ्हाईकाले वाढाले लावलं म्हणून मलेच शिव्या खाऊ घालीन तो."

"आमच्या ताईचं लग्न मोडून राहिलं, काका."

हे मी इतकं सरळ कसं बोलले कोण जाणे. एरवी मला वर्गात 'येस सर' म्हणायला घाम फुटायचा. गावच्या पंगतीत मुलांना वाढायला लावतात तेव्हा मला नेहमी मीठ द्यायचे, कारण मिठाचा आग्रह करावा लागत नाही. चिमूट टाकायची आणि पुढे जायचं. पण त्या दिवशी वेटरने भटाऱ्याला ओरडून सांगितलं, "गरम रोट्या टाक, टाकतच राह!" आणि फडक्यात गुंडाळलेली टोपली माझ्या हातात दिली. नवं ताट घेऊन तो स्वतः माझ्यासोबत निघाला.

मामा उभे राहिले होते. मी त्यांच्यापुढे गेले आणि म्हणाले, "मामाजी, बसा. पंगत अजून उठली नाही."

"झालं माझं, बाई."

"सुरूच झालं नाही तर झालं कसं?"

वेटरने नवं ताट त्यांच्यापुढे ठेवलं. मामा बसले, पण अर्धेच, खुर्चीच्या काठावर. मी रोटी पुढे केली. त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"नको, नको. बस."

"एक."

"नाही म्हणतो न, पोट्टे."

"हात काढा, मामाजी. नाहीतर हातावर वाढीन."

"वाढ, पाहू तुझी हिंमत!"

मी त्यांच्या आडव्या हातावर गरम रोटी ठेवली. भट्टीतून आलेली होती. मामांनी "आई आई" करत हात ओढला, रोटी ताटात पडली आणि वरून वेटरने लगेच शेवभाजीचा डाव ओतला. एक क्षण कुणालाच कळेना काय होणार. मग मामा हसले. पोट धरून हसले. "चटका देऊन जेवू घालते ही पोरगी!" ते म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून नीट बसले.

त्यानंतर जे झालं त्याला हॉटेलातलं जेवण म्हणता येणार नाही. मामांनी घेतलं म्हटल्यावर भावकीतल्या दोघांनी आधी नको म्हणत, मग अर्धी म्हणत, मग नुसती मान हलवत रोट्या घेतल्या. मी टोपली घेऊन फिरत होते आणि वेटर माझ्यामागे भाजी घेऊन. त्यालाही रंग चढला होता. "घ्या न मामाजी, आमच्या हॉटेलच्या इज्जतीचा सवाल हाय!" मुलाच्या आईने हात आडवा केला तर तो म्हणाला, "बाई, माझ्या बहिणीसारख्या तुमी, भावाचं मन मोडता का?" तिने तोंडाला पदर लावून हसत भात घेतला. बाबा केव्हा उठून उभे राहिले मला कळलं नाही. पाहिलं तर ते गुलाबजामचं भांडं घेऊन भावकीतल्या एकाच्या डोक्यावर उभे होते आणि त्यांचा आवाज अगदी गावच्या मांडवातला झाला होता. मी मुलाजवळ गेले तेव्हा त्याने हळूच ताट पुढे सरकवलं. "मले पहिल्यांदाच हो म्हणाले चालते," तो म्हणाला. ताईने मान खाली घातली, पण तिचे खांदे हलत होते.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "आई, आपल्याला का नाही वाढत ती ताई?" मी तिलाही अर्धी रोटी वाढली. नूडल्सच्या शेजारी.

हात धुऊन झाले, बडीशेप आली. मामांनी ती बाजूला सारून खिशातली सुपारी काढली. घसा साफ केला. "हं, काढा आता विषय."

विषय निघाला. तारीख, मांडव कुणाकडे, माणसं किती. सगळं भराभर जमत गेलं, कारण जेवलेला माणूस अडून बसत नाही. बाबा प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होते. मी वाट पाहत होते. आई बाबांना कोपराने ढोसत होती. मामा म्हणाले, "तं झालं मग सगळं?"

"एक राहिलं," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. मघाशी टोपली हातात होती तेव्हा बरं होतं. आता हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावे कळेना.

"ताईचं डी.एड.चं एक वर्ष राहिलं आहे. ते तिला पूर्ण करू द्यायचं."

मामांचं हसू गेलं. "लगन झाल्यावर कायची शाळा, बाई? घरी सासू एकटी आहे. नाही." आणि बोलता बोलता त्यांनी टेबलावर हात आडवा फिरवला.

तो हात मी पाहिला. ताटावर धरला होता अगदी तसाच. एरवी त्या 'नाही'वर मी गप्प बसले असते, जन्मभर बसले असते. पण तासाभरापूर्वी मी त्या हाताचं काय होतं ते पाहिलं होतं.

"एकच वर्ष, मामाजी."

"नाही जमत."

"दोघंही मास्तर झाले तर तुमच्याच घरात दोन मास्तर होतील."

"पाहू मंग."

"'पाहू' आमच्या घरी पण असतं, मामाजी, आम्हाला चालत नाही ते," मी म्हणाले. बाबा खोकले. "नको नको म्हणत तुम्ही चार रोट्या घेतल्या. हे तर एकच वर्ष आहे. घ्या न."

मामा तोंडातली सुपारी घशात जाईल इतके जोरात हसले. भावकीतल्याने त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. ते हसत असतानाच मुलाची आई बोलली. दुपारभरात तिने उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं.

"दादा, होऊ द्या. मी राहीन न एकटी. आतापर्यंत राहिलीच आहो."

मामांचं हसणं थांबलं. त्यांनी बहिणीकडे पाहिलं, मग भाच्याकडे. मुलगा म्हणाला, "माझंही तेच म्हणणं आहे, मामा."

"मंग आधी काहून नाही सांगितलं रे?"

"तुमी विचारलं कुठं?"

मामांनी दोन्ही हात वर केले. "दिलं बाप्पा, एक वर्ष दिलं. शिक माय, शिक." मग बाबांना म्हणाले, "धाकटीसाठी स्थळ पाहाल तं जपून पाहा, पाहुणे. हिले नाही म्हणू शकन असा पोरगा अजून जन्मले यायचा आहे." बाबा इतके ताठ बसले होते की मला वाटलं, ते पुन्हा उभे राहतील.

आई, बाबा आणि मी मग तिथेच पोटभर जेवलो. वेटरने टेबल रिकामं करायला सांगितलं नाही. पाहुणे समोर बसून राहिले आणि आता आग्रह करायची पाळी मामांची होती. बाबांनी हात आडवा धरला की मामा वेटरला म्हणायचे, "टाक, टाक, हातावर टाक."

मे महिन्यात ताईचं लग्न झालं. जुलैत ती माझ्या खोलीत परत आली, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा भरलेला. पहिल्या रात्री ती दुसऱ्या दिवशीच्या पाठाचं टाचण लिहायला बसली, आणि प्रत्येक ओळीला बांगड्या टेबलावर वाजत होत्या. बाजूच्या खोलीतली मुलगी दार उघडून म्हणाली, "ताई, हळू न, झोपू द्या." ताई म्हणाली, "नाही," आणि लिहीत राहिली.